छेदजन्य हर्निया, मोठा
पोटावरील जुन्या शस्त्रक्रियेच्या व्रणातून आतडी त्वचेखाली उतरणे. फट 10 सेंमी. वा अधिक रुंद असल्यास हर्निया मोठा मानतात. नुसते टाके घातले, तर ते ताणाने पुन्हा उसवतात. म्हणून जाळी लागतेच. रीव्ह व स्तोपा या फ्रेंच शल्यविशारदांनी ती सरळ उदरस्नायूंच्या मागे, आतड्यांपासून अलग बसवली. तरीही कडा जुळत नसल्यास बाहेरचा तिरका स्नायू सोडवतात (रामिरेझ, 1990). कमरेशी प्रत्येक बाजू सुमारे 10 सेंमी. मध्याकडे सरकते. मात्र त्यासाठी त्वचा दूरवर सोलावी लागते आणि जखम चिघळते ती बहुधा तिथेच. बाहेर रुळलेली आतडी एकदम आत ढकलल्यास पोटातला दाब वाढून श्वास कोंडतो. म्हणून काही ठिकाणी शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधी बोट्युलिनम टोचून बाजूचे स्नायू सैल करतात. जखम चिघळू नये म्हणून धूम्रपानही आधी सुटलेच पाहिजे.