संयुक्त 'मानापमान', पाहुण्यांसकट

८ जुलै १९२१. मुंबईत पाऊस लागलाय आणि तुमच्याकडे कोल्हापूरचे पाहुणे उतरलेत. व्हिक्टोरियातून ग्रँट रोडला उतरता तोच घोड्याच्या लिदीचा, भिजलेल्या छत्र्यांचा आणि तळणीचा वास एकदमच अंगावर येतो. धोतराचा सोगा सांभाळा, चिखल आहे! बालीवाला थिएटरच्या दाराशी ही रेटारेटी. कोपरं मारल्याशिवाय आत शिरता येणार नाही.

आज 'मानापमान' नाटकासाठी गंधर्व आणि ललितकलादर्श या दोन नाटक मंडळ्या एकाच रंगमंचावर. बालगंधर्व भामिनी, केशवराव भोसले धैर्यधर. तुम्ही गंधर्वांचे भक्त. पाहुणे अर्थातच केशवरावांचे, कोल्हापूरचा माणूस तो! "आमच्या बुवांची तान सुटू दे, मग बोला," असं त्यांनी जेवतानाच बजावलंय.

आत नुसती भट्टी पेटलीय. ओले कोट अंगावरच वाळताहेत, फेट्याखालून घाम ओघळतोय. मागून कुणाचा तरी गुडघा पाठीत रुततोय. पानाचा डबा या हातातून त्या हातात जातोय. तिसरी घंटा होते. धुपाचा वास, ऑर्गनचा सूर, नांदी. एवढा कलकलाट, पण एका दमात विरतो.

धैर्यधर येतो. तान अशी सरळ वर चढते की छातीत कंप जाणवतो. पाहुण्यांनी तुमची मांडी इतक्या जोरात दाबलीय की उद्या वळ दिसेल. मग भामिनी. भरजरी शालू, मानेची ती किंचित लकब, आणि पुरुष आहे हे ठाऊक असूनही बायकांच्या बाजूला पदराच्या काठावरून कुजबुज सुरू. सूर चढत नाही, लोण्यासारखा विरघळतो.

'वन्समोअर!' एकदा, दोनदा, पुन्हा. दागिन्यांनी लगडलेला भित्रा लक्ष्मीधर आला की हसून हसून पोट दुखतं, तेवढीच उसंत. मग पुन्हा गाणं. घड्याळ बघायला कुणाला फुरसत आहे?

बाहेर येता तेव्हा ट्रामचा पत्ता नाही. भिजत चालायला लागा. तुमचा घसा बसलाय, केशवरावांना वन्समोअर देऊन देऊन. पाहुण्यांचाही बसलाय, गंधर्वांसाठी. आता भांडायचं तरी कशावर? पाहुणे तोडगा काढतात: "दोघंही थोरच. पण धैर्यधर आमच्याच गावचा, एवढं लिहून ठेवा!"