खंडेनवमी आणि प्लास्टिकचं पिस्तूल

खंडेनवमीच्या सकाळी सातारा-सांगलीकडच्या घरात पाटावर काय काय मांडलेलं असतं, ते आठवा. विळी, कोयता, खुरपं, पाना-पक्कड, एखाद्या घरी पणजोबांची तलवार आणि हल्ली लॅपटॉपसुद्धा. आधी सगळं धुऊन-पुसून घ्यायचं, मग हळद-कुंकू आणि झेंडूचं फूल वाहायचं. आपल्या लक्षात राहते ती पूजा. मला मात्र वाटतं, की त्याआधीचं ते धुणं-पुसणं हाच या सणाचा मूळ कामाचा भाग असावा.

दिवस बघा कुठला निवडलाय. चार महिन्यांचा पावसाळा नुकताच सरलेला असतो. मराठी फौजा दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघत. त्याआधी दमट हवेत पडून राहिलेलं लोखंड बाहेर काढणं, गंज घासणं, तेलाचं बोट फिरवणं भागच होतं. ज्यानं ते केलं नाही, त्याची फजिती घरी नाही, रणात व्हायची.

याची लेखी साक्षही आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावरचं 'आज्ञापत्र' लिहिलं गेलं. त्यातल्या दुर्गांच्या प्रकरणात दारूखान्याबद्दल बारीक सूचना आहेत. दारूखाना राहत्या घरांजवळ नसावा, दारूला ओल लागू नये, आणि हवालदारानं आठ-पंधरा दिवसांनी येऊन माल बाहेर काढावा, ऊन दाखवावं आणि पुन्हा मोहोर करून ठेवावा. आजच्या भाषेत हे मेंटेनन्स शेड्यूलच झालं. कोण येणार, किती दिवसांनी येणार, काय करणार, सगळं ठरवून दिलेलं.

पुढे इंग्रजांनी १८७८ मध्ये शस्त्र कायदा आणला. बंदूक ठेवायला परवाना लागू लागला आणि गावागावांतून बंदुका कमी झाल्या. त्यामुळे १९४२ नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं, तेव्हा हत्यार ही सगळ्यात दुर्मिळ वस्तू होती. आजचा सांगली जिल्हा तेव्हा बराचसा सातारा जिल्ह्यातच होता. कुंडल हे तुफान सेनेचं मोठं केंद्र. नाना पाटलांच्या कन्या हौसाताई पाटील यांनी सांगितलेली भवानीनगरची आठवण अनेकांनी वाचली असेल. नवरा-बायकोच्या मारहाणीचं नाटक रचून पोलिसांना बाहेर गुंतवायचं आणि तेवढ्यात साथीदारांनी ठाण्यातल्या रायफली व काडतुसं उचलायची. हत्यारांसाठी ही माणसं थेट पोर्तुगीजांच्या गोव्यापर्यंत जात. तिथे पकडल्या गेलेल्या बाळ जोशींसाठी हौसाताई पणजीला गेल्या आणि पोलिसांना चुकवत मांडवी ओलांडून परतल्या.

तुफान सेनेनं शेणोलीजवळ पगाराची रक्कम नेणारी गाडी लुटली ती ७ जून १९४३ रोजी, म्हणजे ऐन मृगाच्या तोंडावर. पुढचे चार महिने पाऊस, चिखल आणि उसाचे फड. एवढ्या मोलानं मिळालेली रायफल गंजली, तर दुसरी कुठून आणणार?

त्या काळची लष्करी रायफल म्हणजे थ्री-नॉट-थ्री. लाकूड आणि पोलाद. लाकूड पाण्यानं फुगतं, पोलाद गंजतं. त्यात एक छुपा शत्रू होता. काडतुसाच्या बुडाच्या टोपीतलं रसायन जळलं की नळीत क्षार उरे, आणि तो हवेतली ओल ओढून घेई. म्हणून गोळीबारानंतर सैनिक नळीत उकळतं पाणी ओतत, मग दोरीच्या 'पुल-थ्रू'ला चिंदी बांधून ती नळीतून ओढत आणि शेवटी तेलाचा हात देत. पुल-थ्रू आणि तेलाची छोटी बाटली रायफलच्या दस्त्यातच बसवलेली असे. अपशिंगे मिलिटरीसारख्या फौजी गावांतल्या पिढ्यांनी ही शिस्त अंगात मुरवली.

मग काळ बदलला. १९७० मध्ये हेकलर अँड कोख या जर्मन कंपनीनं पॉलिमरच्या सांगाड्याचं पिस्तूल बाजारात आणलं. १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्यानं ग्लॉक स्वीकारलं. ते बनवणाऱ्या गॅस्टन ग्लॉक यांनी त्याआधी पडद्यांचे रॉड आणि लष्करी सुऱ्या बनवल्या होत्या, पिस्तूल कधीच नाही. आज आपल्या एनएसजीकडे ग्लॉक आहे. पुण्याच्या एआरडीई आणि महूच्या इन्फंट्री स्कूलनं मिळून केलेल्या 'अस्मि' या मशीन पिस्तुलाचा खालचा भाग कार्बन फायबरचा आहे. इथली पोरं फौजेत, पोलिसांत जातात, तेव्हा हे नवं हत्यार त्यांच्या हाती येतं आणि त्याबरोबर एक गैरसमजही येतो, की प्लास्टिक गंजत नाही, मग निगा कशाला?

सांगाडा गंजत नाही हे खरं. पण नळी, स्लाइड, स्प्रिंगा पोलादाच्याच असतात, आणि स्लाइड ज्यांवरून सरकते त्या पट्ट्याही धातूच्या, सांगाड्यात रुतवलेल्या. घाम आणि पावसाळी हवा त्यांना सोडत नाही. चामड्याच्या म्यानात महिनोन् महिने ठेवलं तर ओल आतच कोंडते. सांगाड्याला वेगळेच धोके आहेत. थिनर, ॲसिटोनसारखी जहाल द्रावणं, तारेचा ब्रश, व्हाइसमध्ये आवळणं, तापत्या वस्तूजवळ ठेवणं. पोलाद वाकलं तर कारागीर ठोकून सरळ करू शकेल. पॉलिमरला चीर गेली की ठोकठाक चालत नाही, ते बनवणाऱ्याकडेच पाठवावं लागतं.

आणि तेल? जुन्या सवयीनं आपण भरपूर ओततो. ग्लॉकला मात्र ठरावीक जागी थेंब-थेंब पुरतो. फायरिंग पिनची पोकळी तर कोरडीच ठेवायची असते. तिथे तेल साचलं की धूळ आणि काजळी धरून चिकटा होतो, आणि नेमक्या वेळी पिनचा ठोका कमी पडतो.

सगळ्यात मोठं नुकसान मात्र पिस्तुलाचं होत नाही. ग्लॉक साफसफाईसाठी उघडताना चाप ओढावा लागतो. मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, असं समजून चाप ओढणाऱ्याच्या चेंबरमध्ये एक गोळी उरलेली असू शकते. म्हणून क्रम पक्का हवा. नळी सुरक्षित दिशेला, मॅगझिन बाहेर, स्लाइड मागे, मग चेंबर डोळ्यांनी बघायचं आणि बोटानं चाचपायचं. काडतुसं दुसऱ्या खोलीत. 'रिकामंच आहे' हे कुणाच्या तोंडावर मानायचं नाही, स्वतःच्याही नाही.

दसऱ्याला हवेत बार काढणं ही कुणाला परंपरा वाटत असेल, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा बेपर्वा गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आज्ञापत्रातल्या हवालदाराला माल बाहेर काढून, वाळवून, मोहोर करून ठेवायचा होता, उडवायचा नव्हता. परवानाधारक बंदूक असलेल्या घरानं यंदाच्या खंडेनवमीला तेवढंच करावं. कुंकू लावण्याआधी चेंबर बघावं.