जखडलेला बोल्ट : मुंबईतील प्रीमियर पद्मिनी टॅक्सी आणि दुरुस्तीच्या श्रमाचा इतिहास

प्रस्तावना

भारतीय मोटार उद्योगाचा इतिहास बहुधा कारखान्यांचा, परवान्यांचा आणि उद्योगपतींचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. पुढे कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून इटलीतील फियाट ११०० ही मोटार बाहेर पडू लागली. १९६४ मध्ये तिची ‘डिलाइट’ ही आवृत्ती आली आणि १९७४ पासून ती ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदविलेली अखेरची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची वयोमर्यादा पूर्ण झाल्यामुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस सेवेतून बाद झाली. हा घटनाक्रम परिचित आहे. मात्र वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या आणि तीन बाजूंनी खाऱ्या वाऱ्याने वेढलेल्या शहरात पत्र्याची ही गाडी वीस-पंचवीस वर्षे रोज राबली कशी, हा प्रश्न फारसा विचारला गेलेला नाही. त्याचे उत्तर कारखान्याच्या नोंदींपेक्षा गाडीच्या पोटाखाली शोधावे लागते. ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी २००६ च्या ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ या ग्रंथात तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांऐवजी वापराच्या व देखभालीच्या अंगाने पाहण्याचा आग्रह धरला. त्या दृष्टीने प्रस्तुत लेखात एकाच कामाचा विचार केला आहे : सस्पेन्शनमधील गंजून जखडलेला बोल्ट काढून त्या जागी नवा बसविणे.

टंचाई आणि दीर्घायुष्य

१९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनंतर केवळ जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना देशात वाव उरला नाही. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी काढता पाय घेतला. उरलेल्या मोजक्या उत्पादकांची संख्या परवान्यांनी बांधलेली होती. १९६९ मध्ये मोटारींच्या किमतींवर सरकारी नियंत्रण आले आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. नव्या गाडीसाठी ग्राहकाला अनेक वर्षे थांबावे लागे. अशा स्थितीत जुनी टॅक्सी मोडीत काढणे मालकाला परवडणारे नव्हते. १९८३ च्या डिसेंबरमध्ये मारुती ८०० आली तरी टॅक्सीच्या तळावर पद्मिनीच राहिली, कारण तोवर तिच्या दुरुस्तीची विद्या आणि सुटे भाग शहरभर पसरले होते.

रबरी बुश आणि न हलणारा बोल्ट

१९५३ मध्ये सादर झालेल्या फियाट ११००-१०३ या मूळ मोटारीस वेगळी चासी नव्हती. पत्र्याचा सांगाडाच भार पेलत असे. पुढील बाजूस विशबोन व गुंडाळीची स्प्रिंग, मागे कमानपाटे, अशी तिची ठेवण होती. तत्पूर्वीच्या मोटारींत कमानपाट्याच्या टोकाची पिन धातूच्या बुशमध्ये फिरत असे आणि तिला वेळोवेळी ग्रीस द्यावे लागे. पुढे या सांध्यांत रबरी बुश रूढ झाले. दोन पोलादी नळ्यांमध्ये रबर. आतील नळीतून बोल्ट जातो व तो आवळला की नळी जागीच बसते. चाक वर-खाली झाले की केवळ रबराला पीळ पडतो. ग्रीस नको, देखभाल नको.

या सोयीतच पुढील अडचणीचे मूळ होते. ग्रीस लावलेली पिन सतत हलती राहते. रबरी सांध्यातील बोल्ट मात्र कधीच हलत नाही. बोल्ट व नळी यांमधील केसाएवढ्या फटीत पावसाचे खारट पाणी शिरते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट असल्याने फट भरून जाते आणि दोन्ही भाग एकजीव होतात. देखभाल टाळण्यासाठी केलेली रचना उघडण्याची वेळ येते तेव्हा ती असा सूड उगविते. अर्थात, ही वेळ यावी इतकी वर्षे गाडी टिकणे ही आधीची अट आहे. मुंबईत ती हजारो गाड्यांनी पूर्ण केली.

काढण्याची रीत

वाहनाच्या छापील पुस्तिकांत नट काढावा, बोल्ट बाहेर घ्यावा आणि बसविताना उलट क्रम ठेवावा, एवढेच असते. प्रत्यक्षात नट निघतो, बोल्ट निघत नाही. पाना लावून फिरविला तर बोल्टसोबत आतील नळीही फिरते, रबर पिळते आणि पाना सोडताच सारे मागे येते. त्यामुळे काम टप्प्याटप्प्याने चाले. तारेच्या ब्रशने आटे साफ करणे, घासलेट वा डिझेल सोडून रात्रभर मुरू देणे, मग घण. नट टोकाशी राखूनच घाव घालावा लागे; अन्यथा बोल्टचे टोक छत्रीसारखे पसरे आणि तो भोकातून निघण्याची उरलीसुरली आशाही जाई.

त्यानंतर गॅसची ज्योत. बारा मिलिमीटर व्यासाच्या पोलादी भोकाचे तापमान तीनशे अंश सेल्सियसने वाढले तर ते सुमारे ०.०४ मिलिमीटरने रुंदावते. आकडा क्षुल्लक वाटतो, पण गंजाची पकड मोडण्यास तो पुरेसा ठरू शकतो. रबर अर्थातच जळते. म्हणून हा उपाय बुशही बदलायचा असेल तेव्हाच. एकविसाव्या शतकाच्या आरंभी टॅक्सी मोठ्या प्रमाणावर सीएनजीवर आल्या आणि डिकीत वजनदार टाकी बसली. तिचा भार मागील कमानपाट्यांवर आला आणि पाट्याच्या मागील सांध्यापाशी ज्योत नेणे अधिक धोक्याचे झाले. तेव्हा करवतीच्या पात्याने बोल्टची दोन्ही टोके कापून पाटा खाली उतरविणे हाच शहाणपणाचा मार्ग उरे. वेळखाऊ खरा, पण मजुरी स्वस्त व गाडी दुर्मीळ असताना वेळेचा हिशेब निराळा असतो.

याहून बिकट प्रसंग वेगळाच. पत्र्याच्या पोकळ भागात आतून वेल्डिंगने बसविलेला नट सुटून गरगर फिरू लागला की मेकॅनिकचे काम थांबे आणि पत्रेवाल्याचे सुरू होई. पत्र्याला खिडकी पाडायची, नट धरायचा, पुन्हा ठिगळ मारायचे. गाडीचा सांगाडाच भारवाहक असल्याने हे ठिगळ केवळ दिसण्याचा प्रश्न नव्हता.

नव्या बोल्टचा प्रश्न

काढलेल्या बोल्टच्या जागी काय बसविले जाई, यावर प्रवाशांची सुरक्षितता अवलंबून होती. ऑपेरा हाऊस परिसरातील दुकानांत नवे भाग मिळत, कुर्ल्याच्या भंगार बाजारात जुने. तेही न जमल्यास लेथवर बोल्ट कातून घेता येई. मापाने तो अचूक असे. धातूची मात्र खात्री नसे. ८.८ प्रतीचा बोल्ट ६४० मेगापास्कल ताणापर्यंत कायमचा लांबत नाही, ४.६ प्रतीच्या मृदू पोलादात ही मर्यादा २४० आहे. मृदू बोल्ट पुरेसा आवळता येत नाही, नळी घट्ट धरली जात नाही, आणि धक्के थेट बोल्टवर येऊ लागतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. टॅक्सीच्या वार्षिक ‘पासिंग’च्या वेळीही बाहेरून पाहून हा फरक कळणे शक्य नव्हते. दुरुस्तीच्या संस्कृतीचे जे कौतुक अलीकडे होते त्यात ही बाजू सहसा येत नाही. कुशल हात धातूची उणीव भरून काढू शकत नाहीत.

जाणत्या कारागिराची ओळख उलट दिशेच्या कामात पटे. तो नव्या बोल्टच्या दांड्याला ग्रीस चोपडी, म्हणजे पुढच्या वेळी तो सहज निघावा. आणि अखेरचा आवळ गाडी चाकांवर उभी केल्यावरच देई, म्हणजे रबराला कायमचा पीळ बसू नये. यांतील पहिली गोष्ट करताना ही गाडी आणखी एकदा उघडली जाईल, हे त्याने गृहीत धरलेले असे.

वयोमर्यादेने ते गृहीतक संपविले. महाराष्ट्रात टॅक्सीचे कमाल वय प्रथम पंचवीस आणि २०१३ मध्ये वीस वर्षांवर आणले गेले. भंगारात गेलेल्या पद्मिनीचे बोल्ट सोडवीत बसण्याचे कारण नव्हते. तेथे सांधा सबंधच गॅसने कापला जाई.