वाफा, लाकडी चौकटीचा

अंगणात किंवा परसात फळ्यांची चौकट करून, तिच्यात माती व खत भरून तयार केलेला उंच वाफा. शेतातला गादीवाफा हा त्याचा पूर्वज. कांद्याच्या रोपवाटिकेसाठी साधारण ३ मीटर लांब, १ मीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर उंच गादी करण्याची पद्धत महाराष्ट्रात रूढ आहे. हळद-आल्यालाही ती मानवते. पण पावसात गादीच्या कडा ढासळतात. चौकटीमुळे त्या टिकतात, उंची वाढवता येते आणि आत कोणाचा पाय पडत नसल्याने माती भुसभुशीत राहते.

रुंदी हात कुठवर पोचतो त्यावर ठरते: दोन्ही बाजूंनी जाता येत असेल तर जास्तीत जास्त ४ फूट, भिंतीलगत २ फूट. पालेभाज्यांना ८ इंच खोली पुरते. गाजर, वांगी, टोमॅटो यांना फूटभर तरी हवी.

लाकडाची निवड ही सुतारकामापेक्षा महत्त्वाची. फळी आलटून पालटून भिजते आणि वाळते, एका अंगाला ओली माती कायम चिकटलेली; यात हलके लाकूड दोन-तीन पावसाळ्यांत कुजते. साग टिकतो, पण तो गाभ्याचा. सागाचीच पांढरट कड वाळवी आनंदाने खाते. वखारीत मिळणारा जुन्या घरांचा साग उत्तम, मात्र त्यावर जुना रंग असल्यास नको, कारण त्यात शिसे असू शकते. मालाच्या पेट्या-पॅलेट वापरायच्या तर शिक्का पाहावा: ‘एचटी’ म्हणजे उष्णतेने निर्जंतुक केलेले, ‘एमबी’ म्हणजे मिथिल ब्रोमाइडची धुरी दिलेले, दुसरे टाळावे. रेल्वेचे जुने स्लीपर क्रिओसोटमध्ये मुरलेले असतात, तेही नकोत. कुंपणाच्या खांबांना जळके ऑइल फासण्याची आपल्याकडची सवय खाण्याच्या भाजीजवळ आणू नये. त्यातले जड धातू व घातक संयुगे मातीत उतरतात. कच्चे जवसाचे तेल पुरेसे आहे.

६ × ३ फुटांच्या चौकटीला इंचभर जाडीच्या, फूटभर रुंद फळ्या घ्याव्यात. चार कोपऱ्यांत आतून चौरस खुंट ठेवून, आधी गिरमिटाने भोके पाडून, फळ्या स्क्रूने आवळाव्यात. नुसते खिळे मातीच्या रेट्याने सुटतात. दोन्ही कर्ण सारखे, म्हणजे सुमारे ६ फूट ८½ इंच भरले की चौकट काटकोनात आली. लांब फळी मध्यावर पोट काढते, तिथे बाहेरून एक खुंटी ठोकावी. फळ्यांची कापलेली टोके सर्वांत जास्त पाणी पितात, म्हणून तेल तिथे दोनदा द्यावे. जमिनीवरच्या वाफ्याला तळ नसतो. खाली पुठ्ठा अंथरला की तण दबते आणि पुढे गांडुळे वर येतात.

गच्चीवर हिशेब वेगळा. लोकांचा वावर असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानक ‘आयएस ८७५’ चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १५० किलो वापरभार धरते. फूटभर ओली माती त्याच जागेत ५०० किलोंच्या आसपास भरते. अभियंत्याला विचारल्याशिवाय तिथे मातीचा वाफा करणे हा शुद्ध अविचार. कोकोपीट आणि पालापाचोळ्याचा उथळ वाफा, तोही विटांवर उचलून, एवढीच सवलत बरी.

वरील मापाच्या वाफ्याला १८ घनफूट, म्हणजे सुमारे ५१० लिटर भराव लागतो: दोन भाग पोयटा माती, एक भाग पुरते कुजलेले शेणखत. ताजे शेण घातल्यास हुमणी येते. निव्वळ काळी माती भरू नये; ती भिजल्यावर फुगते, वाळल्यावर भेगाळते आणि स्क्रूसकट फळ्या बाहेर ढकलते. भराव दरसाल काही इंच बसतो, तेव्हा उन्हाळ्याअखेरीस खताची भर घालावी. त्याच वेळी फळ्यांची खालची कड पेचकसाने टोचून पाहावी. टोक सहज रुतले, तर पावसाआधी तेवढी फळी बदलावी.