सुरक्षेचा नकार वाचता यावा म्हणून

अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने डिसेंबर २००० मध्ये ‘एसईलिनक्स’ सर्वांसाठी खुले केले. २००३ मध्ये ते मुख्य लिनक्स कर्नेलमध्ये समाविष्ट झाले. २०१४ च्या अँड्रॉइड ५.० पासून त्याचे नियम फोनमध्ये सर्वत्र सक्तीचे झाले. भारतातील बहुतेक स्मार्टफोन आज याच पहाऱ्याखाली चालतात.

या पहाऱ्याने दिलेला नकार ऑडिट नोंदीत ‘रीड’, ‘राइट’ अशा शब्दांत उमटतो. मात्र तो कर्नेलमधील नेमक्या कोणत्या वाटेने उद्भवला, हे त्यातून कळत नसे. म्हणून डिसेंबर २०२० च्या लिनक्स ५.१० मध्ये त्यासाठी स्वतंत्र ट्रेस इव्हेंट आला. वाट दिसू लागली, पण परवानगीच्या जागी केवळ आकडा उरला. ‘२’ हा आकडा फाइलच्या वर्गात वाचनाची परवानगी दर्शवतो. प्रोसेसच्या वर्गात तोच सुरक्षा-ओळख बदलण्याची. वास्तविक ही नावे कर्नेलच्या तक्त्यात आधीच असतात. तीच इव्हेंटमध्ये छापावीत, हा आग्रह त्यातूनच धरला गेला.

मागणी किरकोळ वाटते, परंतु नकाराचे कारण उमगले नाही, तर घाईतला अभियंता नियम गरजेपेक्षा सैल करतो किंवा पहाराच उठवतो. न वाचता येणारी नोंद अखेरीस सुरक्षेलाच दुबळी करते.