गेम खेळताना पीसी बंद पडतो? फॉरमॅट मारण्याआधी हे पाहा

अकोला-अमरावतीत मे महिन्यात पारा अनेकदा ४५ अंशांवर जातो. अशा उन्हात गेम सुरू असताना पीसी एकदम बंद पडला, तर दोष विंडोजचाच असेल असं नाही. प्रोसेसर फार तापला की जळू नये म्हणून मशीन स्वतःच बंद होते.

आधी प्लग काढून कॅबिनेट उघडा. पंखा बोटाने धरून ब्रशने धूळ काढा. थर्मल पेस्ट वाळली असल्यास नवी लावा.

तरीही बंद पडतो? पॉवर सप्लाय तपासून घ्या. लाईन कमी-जास्त होत असेल तर यूपीएस लावा.

नवा ग्राफिक्स ड्रायव्हर टाकल्यापासून निळी स्क्रीन येत असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन ‘रोल बॅक ड्रायव्हर’ करा.

फॉरमॅट सर्वात शेवटी. त्याआधी फोटो, कागदपत्रं पेनड्राइव्हवर घ्या. पुसलेलं परत मिळेलच याची खात्री नसते.