मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची घरगुती मलचाचणी

मोठे आतडे व गुदाशय यांचा कर्करोग लक्षणांपूर्वी हेरण्यासाठी मलातील डोळ्यांना न दिसणारे रक्त शोधणारी चाचणी. घरीच काडीने मलाचा अल्प नमुना बाटलीत घेऊन प्रयोगशाळेत पाठवतात. तेथे प्रतिपिंडांच्या साहाय्याने मानवी हीमोग्लोबिन मोजतात. चाचणीपूर्वी पथ्य लागत नाही. रक्त आढळणे म्हणजे कर्करोगच नव्हे. मूळव्याधीतही ते आढळते. म्हणून पुढे दुर्बिणीने आतडे तपासतात. इंग्लंडमध्ये ५० ते ७४ वयोगटाला हा संच दर २ वर्षांनी टपालाने मिळतो. भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमातील कर्करोग-तपासणी मुख, स्तन व गर्भाशयमुखापुरती आहे. त्यामुळे शौचावाटे रक्त, शौचाच्या सवयीत बदल वा अकारण वजनघट ही लक्षणे अंगावर न काढता वेळीच डॉक्टरांना दाखवणे अत्यावश्यक ठरते.